झिपरीचे केस आणि समोरचे मानसशास्त्र

कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की तीन खुर्च्यांचे एक सलून लागते. त्याला रीतसर नाव आहे, पण ते कोणी वाचत नाही. नावाच्या वर रंगाऱ्याने एक झुबकेदार मिशी काढून ठेवली आहे, आणि आत शिरले की तीच मिशी, आता कापसासारखी पांढरी झालेली, मालकांच्या ओठावर नांदताना दिसते. म्हणून मालकांना सगळे मिशीवालेच म्हणतात. त्यांची बायको तर सांगते, की आपण होकार दिला तो मिशीला. माणूस मागाहून पदरात पडला.

मिशीवाल्यांचा हात हलका. वस्तरा फिरून गेला हे गिऱ्हाइकाला तुरटी झोंबल्यावर कळायचे. शिवाय उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी एक युक्ती शिकून ठेवली होती. बोलणारा माणूस मान हलवतो, पेंगणारा मान टाकतो, पण विचारात पडलेला माणूस मान अगदी स्थिर धरतो. तेव्हा खुर्चीत बसलेल्याला ते एखादा प्रश्न घालत, तो विचारात पडला की कात्री चालवत, आणि उत्तर येईपर्यंत केस कापून मोकळे होत.

ही युक्ती सर्वांत चांगली चालली ती मानसशास्त्राच्या मंडळींवर. त्यांचे खाते फाटकाला लागूनच्या इमारतीत असल्यामुळे त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी या खुर्चीत बसलेला. त्या शास्त्रात जगभर जी भांडणे होऊन गेली, ती मिशीवाल्यांनी आपल्या दुकानातल्या बाकावर, थोडी उशिरा का होईना, सगळी पाहिली.

आधी आले घड्याळसर. तेव्हा खाते म्हणजे एक खोली आणि तिच्यात काही पितळी यंत्रे, एवढेच होते. घड्याळसर सांगत, की मन हा पूर्वी तत्त्वज्ञांच्या घरचा विषय. मग जर्मनीतल्या एका प्राध्यापकाने त्यासाठी प्रयोगशाळा काढली आणि मनाला प्रथमच मोजपट्टी लागली. दिवा दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ जातो हे घड्याळसर मोजत, आणि माणसाला समोर बसवून, आत काय काय जाणवते ते तुकड्यातुकड्याने सांगायला लावत. एकदा त्यांनी मिशीवाल्यांच्याच हातातला वस्तरा त्यांच्याच गालाला टेकवला आणि बजावले, की वस्तरा हा शब्द वापरायचा नाही, फक्त जाणवते ते सांगायचे. मिशीवाले बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, “चहाची वेळ झाली असं जाणवतंय.” हा प्रयोग वहीत गेला नाही.

मग आले स्वप्नसर. त्यांचे म्हणणे असे, की आत डोकावून जे दिसते ती नुसती ओसरी. खरा कारभार तळघरात चालतो, आणि तळघराची किल्ली स्वप्नात सापडते. व्हिएन्नाच्या एका डॉक्टरांनी दाखवलेली ही वाट. खात्यात एक लांबलचक कोच आला आणि त्या दिवसापासून घड्याळसर नि स्वप्नसर बाकाच्या दोन टोकांना बसू लागले.

मधली जागा भरली उंदीरसरांनी. ते पिंजरे घेऊन आले आणि दोघांनाही उडवून लावू लागले. मन कोणी पाहिलंय, ते विचारत. वागणे दिसते, तेवढेच खरे. घंटा वाजवून रोज खायला घातले तर पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे रशियात दाखवून झाले आहे. माणूस तरी वेगळा काय करतो? मिशीवाल्यांनी त्यांना एवढेच विचारले, की मग खात्याच्या पाटीवरचा ‘मानस’ पुसणार का. उंदीरसर असे विचारात पडले, की त्या दिवसाइतके सुरेख केस त्यांचे पुन्हा कधी कापले गेले नाहीत.

तिघेही आता निवृत्त, पण बाक सुटलेला नाही. खाते चालवतात बाई. त्या आपल्या वडिलांना दाढीसाठी हात धरून घेऊन येतात आणि तेवढा वेळ बाकावर बसतात. मुलांना त्या या शास्त्राचा इतिहास शिकवतात, म्हणजे या तिघांचे भांडणच शिकवतात. प्रत्येकाने आधीच्या दुकानातून बाहेर पडून समोर आपले दुकान थाटले, असे त्या म्हणत. तुकडे मोजणाऱ्यांसमोर दुसऱ्या जर्मनांनी दुकान काढले, की अहो, चेहरा आधी अख्खा दिसतो, नाक-डोळे मागून. मग कोणी म्हणाले, माणूस स्वतःविषयी काय म्हणतो तेही ऐका. मग कोणी म्हणाले, तो विचार कसा करतो ते पाहा. “आणि गिऱ्हाईक सगळ्यांचं एकच,” बाई म्हणत. “ते बिचारं खुर्चीत बसून आहे.”

असे हसतखेळत चालले होते, आणि मग घरचेच गिऱ्हाईक रुसले.

मिशीवाल्यांची नात चार वर्षांची. आईवडील दोघे कामाला जात, म्हणून ती दिवसभर आजोबांच्या दुकानात. मुलांचे केस कापताना खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची जी फळी असते, ते तिचे सिंहासन. गिऱ्हाईक नसले की आजोबा दाढीचा ब्रश कोरडाच तिच्या गालावरून फिरवत, आणि ती हसायला लागली की मागोमाग आपली मिशी फिरवत. दुकान तिच्या हसण्याने भरून जाई. अशाच एका दुपारी, ती खिदळत असताना, मागच्या भिंतीवरचा जुना मोठा आरसा खिळ्यासकट खाली आला. कोणाला काही लागले नाही. नुसत्या आवाजावर निभावले. पण त्या दिवसापासून पोरीने दुकानाची पायरी चढणे सोडले. आजोबा घरी आले की ती आजीच्या मागे जाई. आणि केसांना तर हात लावू देईना.

केस वाढत गेले. कपाळावरून डोळ्यांत आले. आईने चिमटे लावले, ते तिने उपटून टाकले. रिबन बांधली, ती बाहुलीला मिळाली. शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला, की मुलगी फळ्याकडे पाहते की केसांकडे, ते आम्हांला कळत नाही. तिला घरीदारी सगळे झिपरी म्हणू लागले. सलूनवाल्याची नात आणि झिपरी! गिऱ्हाइके गप्प बसणार थोडीच. एक जण खुर्चीत बसता बसता म्हणाला, की माझे कापा, पण घरचे कापतात तसे नको.

मिशीवाले हसून सोडून देत. केसांचे त्यांना एवढे वाटत नव्हते; केस काय, आज ना उद्या कापले जातातच. ती फळी रिकामी होती हे त्यांना सोसत नव्हते. दुपारी ते ती उगाच पुसत, आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवत.

मूल कशाला भिते हे त्यांना धंद्याने शिकवले होते: कात्रीला. इतक्या वर्षांत दुसरे कारण त्यांनी पाहिले नव्हते. म्हणून त्यांनी घरातल्या साऱ्या कात्र्या कपाटात टाकल्या. बायकोवर भाजीची जुडी दातांनी सोडायची वेळ आणली. नवा आरसा चार स्क्रूंनी भिंतीत आवळून बसवला. आणि नातीला आपण आवडावे म्हणून रोज घरी निघण्याआधी मिशी तेल लावून, विंचरून, टोके वर वळवून जास्तच साजरी करू लागले. पोर त्यांना दारात पाहताच पळे.

अखेर त्यांनी लाज सोडून बाकासमोर गाऱ्हाणे मांडले. बाकाला तेच हवे होते.

घड्याळसर म्हणाले, आधी नेमके काय जाणवते ते मुलीकडून काढा. आजीने पोरीला विचारून घेतले. उत्तर आले, की आबा जवळ आला की कानात गुदगुल्या होतात. घड्याळसरांनी मान डोलावली, पण पुढे काय करायचे ते त्यांना सुचेना.

स्वप्नसरांनी स्वप्न मागवले. झिपरीला स्वप्न पडले होते, की एक पांढरी मांजर भिंतीवर बसली आहे, ती हसते आणि भिंत धाडकन पडते. स्वप्नसर खुलले. भिंत म्हणजे वडिलांचा धाक, मांजर म्हणजे आई, असे म्हणत त्यांनी तीन पिढ्यांचा कारभार तळघरातून वर आणला. घरी हे ऐकून मिशीवाल्यांची सून म्हणाली, “मामंजी, मी मांजर का?” तो विषय तिथेच मिटवावा लागला.

उंदीरसरांनी वेळ घालवला नाही. त्यांनी मनुका आणायला सांगितल्या. घरापासून दुकानापर्यंत वाटेवर थोडे थोडे पुढे येईल तशी एकेक मनुका, घाई नाही, ओढाताण नाही. आजी हात धरून आणू लागली. आज कोपऱ्यापर्यंत, उद्या चपलांच्या दुकानापर्यंत, असे करत झिपरी खरोखरच सलूनच्या पायरीशी आली. उंदीरसरांनी बाकावरून दोघांकडे असे पाहिले, की पाहावे ते शास्त्र. आणि शेवटची मनुका आपल्याच हाताने द्यावी म्हणून मिशीवाले, मिशी विंचरून, प्रेमाने तिच्यावर वाकले. पोर जी सुटली ती चपलांच्या दुकानामागे जाऊन सापडली.

“आमचा उंदीर असा कधी पळाला नाही,” उंदीरसर म्हणाले.

“तुमचा उंदीर पिंजऱ्यात असतो,” स्वप्नसर म्हणाले.

बाईंनी फक्त मिशीवाल्यांना सांगितले, की उपाय थांबवा आणि थोडे दिवस नुसते बघा, ती कधी पळते आणि कधी पळत नाही.

मग थंडीचे दिवस आले आणि मिशीवाल्यांना सर्दीने गाठले. नाकावरून गळ्यापर्यंत मफलर गुंडाळून ते सकाळी घरीच खुर्चीत बसले होते. तर झिपरी आली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि कित्येक दिवसांत काही घडलेच नाही अशी मांडीवर चढून बसली. मिशीवाल्यांना श्वास घ्यावा की नाही हे कळेना. ती त्यांच्या शर्टाची बटणे मोजत होती. त्यांना राहवले नाही. पापा घ्यायला त्यांनी मफलर खाली ओढला. मांडी रिकामी झाली.

दुकानात येऊन त्यांनी हे बाकाला सांगितले. बाईंचे वडील खुर्चीत अर्ध्या दाढीने बसून ऐकत होते. मिशीवाल्यांचा ब्रश हवेतच राहिला.

“गुदगुल्या,” घड्याळसर म्हणाले.

“पांढरी मांजर,” स्वप्नसर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा पडला, कारण मांजर सूनबाई नव्हती.

“आरसा पडला तेव्हा मिशी तिच्या गालाला होती ना? झालं तर. आमची घंटा आणि कुत्रा,” उंदीरसर म्हणाले. “अहो, ती कात्रीला नाही, मिशीला भिते.”

मिशीवाल्यांनी आरशात पाहिले. ज्या मिशीवर दुकान उभे होते, जिला बायकोने होकार दिला होता, जी विंचरून विंचरून ते पोरीसमोर नेत होते, तीच. त्यांनी वस्तरा उचलला आणि ओठाजवळ नेला.

“थांबा हो,” बाई म्हणाल्या. “आपण सगळ्यांनी तिच्याबद्दल ठरवलं. मिशी काढायची की नाही, हे तिला कोणी विचारलंय का?”

उंदीरसर म्हणाले, चार वर्षांच्या मुलीला काय विचारायचे. घड्याळसर म्हणाले, विचारायला हरकत काय. स्वप्नसर पहिल्यांदाच घड्याळसरांशी सहमत झाले.

त्या संध्याकाळी मिशीवाले घराच्या पायरीवर मफलर गुंडाळून बसले. झिपरी शेजारी येऊन टेकली. त्यांनी तिच्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत विचारले, की मिशी काढून टाकू का.

ती म्हणाली, “नको.”

“मग तू पळतेस का गं?”

ती केसांआडून रस्त्याकडेच पाहत म्हणाली, “मिशीनं मी हसते. मी हसले की आरसा पडतो. केस कापायला दुकानात आले तरी तू मिशी लावणारच. अजून दोन आरसे आहेत तुझे.”

एवढे दिवस ती स्वतःला जपते आहे असे सगळे समजत होते, आणि पोर जपत होती दुकानाला. नाक पुसायचे निमित्त करून मिशीवाल्यांनी मफलरमध्ये तोंड खुपसले. नशिबाने सर्दी होतीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे बाकाला सांगितले. उंदीरसर टोपी काढून डोके खाजवत राहिले. मनुकांच्या हिशेबात हे कुठे बसत नव्हते. बाई म्हणाल्या, भीती बसली ती तुम्ही म्हणता तशीच, पण तिने त्या भीतीचा अर्थ लावला तो तिचा तिने. आता तिला नुसते ‘असे होत नाही गं’ म्हणून भागणार नाही. तिला पाहू द्या. घड्याळसरांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांचा उजेड पडला. “म्हणजे प्रयोग,” ते म्हणाले.

प्रयोग झिपरीनेच मांडला. आजोबांनी मोठ्या आरशाकडे बोट दाखवले तर ती मागे सरली आणि म्हणाली, “आधी छोटा.” उंदीरसरांनी बाकावरून हळूच बाईंना कोपर मारले, की बघा, पायरीपायरीने, आमचेच. दाढीचा हातआरसा दुकानाबाहेरच्या खिळ्याला टांगला गेला. आजोबा आणि नात पायरीवर बसले. रस्त्यापलीकडे कॉलेजच्या फाटकातली मुले थबकून पाहू लागली, कारण त्यांच्या खात्याचे तीन माजी प्रमुख आणि एक आताच्या, असे चौघे एका ओळीत उभे राहून एका छोट्या आरशाकडे टक लावून पाहत होते. असे चौघे एका बाजूला उभे असलेले कोणी कधी पाहिले नव्हते.

मिशीवाल्यांनी मफलर सोडला. झिपरीने ओठ घट्ट मिटले आणि गाल पुढे केला. मिशी गालावरून फिरली. तिचे ओठ मिटलेलेच. पुन्हा फिरली. मग नाकातून एक फुसका आवाज आला आणि ती हसली, एका हाताने आजोबांचा कान धरून आणि मान वळवून आरशाकडे बघत. आरसा हलला नाही. ती आणखी हसली. आरसा ढिम्म.

“आता आतला,” ती म्हणाली.

आतल्या आरशाला चार स्क्रू होते, तरी मिशीवाल्यांनी जाता जाता त्यांवर एकदा अंगठा फिरवला. फळी खुर्चीवर आडवी पडली. झिपरी तिच्यावर चढली, आणि मिशी, ब्रश, पुन्हा मिशी, असे चालले तेव्हा तिचे हसणे रस्त्यापलीकडे ऐकू गेले. तिन्ही आरसे जागच्या जागी राहिले.

केसांचे मात्र तिने लगेच मान्य केले नाही. आधी तुझे, ती म्हणाली. हे न्यायाचे होते. मिशीवाल्यांनी बोथट टोकांची कात्री तिच्या हातात दिली, तिच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि डोळे मिटले. कचकन आवाज झाला. मिशीचे डावे टोक जमिनीवर पडले. तिने ते उचलून नीट पाहिले, खिशात टाकले, आणि मग आपले कपाळ पुढे केले. केस कापून झाल्यावर पहिल्यांदा तिचे डोळे दिसले. मिशीवाल्यांनी रिवाजाप्रमाणे मागे हातआरसा धरून तिला तिची मान दाखवली. पुढच्या आरशातून स्वतःचे मागचे दिसते, एकट्या आरशाला ते जमत नाही, हे तिला फार आवडले. तिने पुन्हा पुन्हा दाखवायला लावले.

श्रेय कोणाचे, यावर बाकाचा वाद अजून चालू आहे. घड्याळसर म्हणतात प्रयोगाचे, स्वप्नसर म्हणतात मांजर आम्ही पकडली, उंदीरसर मनुकांवर ठाम आहेत, आणि बाई हा सगळा वाद वर्गात जाऊन मुलांना शिकवतात. मिशीवाले कोणालाच नाही म्हणत नाहीत. त्यांनी उजवे टोक कापून मिशी सारखी करायला नकार दिला. उलट रंगाऱ्याला बोलावून पाटीवरच्या मिशीचेही डावे टोक आखूड करून घेतले. बायको म्हणाली, “म्हातारपणी वाकडं मिशीत शिरलं,” पण पाटी बघायला ती रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली.

आता दुपारी फळी रिकामी नसते. गिऱ्हाईक आले की झिपरी फळी सोडून शेजारच्या स्टुलावर बसते, आणि केस डोळ्यांत येत नसले तरी तिला सगळे झिपरीच म्हणतात. धंद्यातली मोठी युक्तीही तिने उचलली आहे. परवा उंदीरसर केस कापायला बसले आणि नेहमीप्रमाणे मान फिरवून बाकाशी वाद घालू लागले. आजोबांची कात्री अडली. झिपरीने स्टुलावरून विचारले, “उंदरांना स्वप्नं पडतात का?”

उंदीरसरांनी तोंड उघडले आणि तसेच मिटले. बाकावर स्वप्नसर सरसावून बसले. घड्याळसरांनी खिशातले घड्याळ काढले. उंदीरसरांची मान मात्र अगदी स्थिर झाली, आणि मिशीवाल्यांनी भराभर कात्री चालवायला घेतली.